बावीस माणसं, बारा बाय दहाचा हॉल आणि भाऊबीजेची पंगत

आमच्याकडे भाऊबीज म्हणजे रात्रीचं जेवण, आणि रात्रीचं जेवण म्हणजे बावीस माणसं. इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर होतं तोवर ह्याचा कधी विचारच करावा लागला नाही, पुढे ओटला, मागे अंगण, मधे लांबच्या लांब ओसरी, किती जण जेवले ते उष्टी ताटं मोजली की कळायचं. मग ते घर गेलं, आम्ही टिळक नगरकडे दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमधे आलो, नणंदा-दीर-भाचरं मात्र तेवढीच राहिली. वाढली खरं तर.

पहिल्या वर्षी मी डायनिंग टेबल हॉलच्या मधोमध ओढलं, सहा खुर्च्या लावल्या आणि बाकीच्यांना म्हटलं बुफे आहे, घ्या हातात ताट. बुफे! हातात ताट, ताटात आमटीची वाटी, दुसऱ्या हातात पुरी, आणि पाण्याचा ग्लास कुठे ठेवायचा म्हणून प्रत्येक जण टीव्हीच्या कपाटाकडे बघतोय. सासूबाई कोपऱ्यात मांडीवर ताट घेऊन हलायला घाबरत होत्या आणि भाच्याच्या हातची श्रीखंडाची वाटी सोफ्याच्या फटीत गेली ती गेलीच. अजून पाऊस पडला की त्या फटीतून वेलचीचा वास येतो असं नवरा म्हणतो, मला येत नाही.

त्या रात्री भांडी आवरताना मला एक गोष्ट कळली की घर भरतं ते उभ्या माणसांनी. बसलेला माणूस कुणाच्या वाटेत येत नाही. तेव्हा कोण कुठे आणि का उभं राहतं ते शोधायचं आणि ती उभं राहायची गरजच काढून टाकायची, एवढंच करायचं असतं. त्यानंतर दरवर्षी थोडं थोडं सुधारत आता जे जमलंय ते लिहितेय. हॉल आमचा १२ फूट बाय १० फूट आहे, तुमचा वेगळा असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहते.

आधी यादी, आणि यादी नुसत्या नावांची नको

आठ दिवस आधी वहीत नावं लिहा आणि प्रत्येकासमोर एक खूण करा. खाली मांडी घालून बसणारे कोण, खुर्चीच लागणारे कोण (गुडघे, पाठ, नुकतं ऑपरेशन), लहान मुलं किती, आणि ज्यांना वेळेवर जेवण लागतं ते कोण. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला "दहा मिनिटं थांबा हं" म्हणत नऊ वाजवणं बरं नाही. अजून एक खूण उशिरा येणाऱ्यांची. प्रत्येक घरात एक जण असतो जो फोनवर "निघालोच" म्हणतो तेव्हा आंघोळ करत असतो. त्याला धरून प्लॅन करायचा नाही, त्याचं नाव सरळ दुसऱ्या पंगतीत टाकायचं.

आमची यादी साधारण अशी निघते: खुर्ची लागणारे तीन, मुलं पाच, बाकी चौदा. ह्यातच पुढचं सगळं ठरतं.

टेप आणि खडू

आता माप. हे काम दुपारी निवांत करा आणि खरं ताट घेऊन करा, अंदाजाने नको. मी हॉलच्या फरशीवर भिंतीला लागून आसन टाकलं, समोर घरातलं १३ इंची स्टीलचं ताट ठेवलं, बसले आणि मुलीला खडूने रेघ मारायला सांगितली. आसन दीड फूट, पुढे ताट आणि ताटाच्या आजूबाजूची बोटभर जागा धरून सव्वा फूट, म्हणजे भिंतीपासून पावणेतीन फूट. रुंदी माणशी २ फूट. त्याहून कमी केलं तर उजव्या हाताने जेवणाऱ्याचं कोपर शेजारच्याच्या ताटात जातं, आणि डावखुरा असेल तर त्याला रांगेच्या डाव्या टोकाला बसवायचं, हे आमच्या धाकट्या भाऊजींमुळे शिकलो.

समोरासमोर दोन ओळी केल्या की साडेपाच फूट गेले, १० फुटांतले साडेचार फूट मधे उरले. वाढणाऱ्याला वाकून मागे सरकायला ३ फूट पुरतात, म्हणजे गल्ली ऐसपैस झाली. १२ फुटाच्या भिंतीला सहा, समोर सहा, दाराची एक जागा वजा, अकरा माणसं.

आता हेच टेबलाचं बघा. ५ बाय ३ चं टेबल, चारी बाजूंनी खुर्ची मागे ओढायला अडीच अडीच फूट, झालं १० बाय ८, म्हणजे ऐंशी चौरस फुटात सहा माणसं आणि उरलेल्या पट्टीत उभं राहण्याशिवाय काही करता येत नाही. म्हणून सणाच्या दिवशी टेबल हॉलमधून हलवायचंच.

सोफ्याचं मात्र उलटं निघालं. आधी मी तोही बाहेर काढायच्या मागे होते, पण तीन सीटर सोफा १० फुटाच्या भिंतीला ठेवला तर तो पावणेतीन फूट खातो, सव्वानऊ फूट लांबी उरते, एका बाजूला चार, दोन्हीकडे मिळून आठ, आणि सोफ्यावर तीन जण. परत अकराच! आणि ज्यांना खाली बसता येत नाही ते नेमके तीनच आहेत. त्यांच्यापुढे मधल्या गल्लीत अरुंद टीपॉय ठेवायचा, दोन्ही ओळी दोन्ही बाजूंना राहतात. वर म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही आत टेबलावर बसा" म्हणून पंगतीतून वेगळं काढल्यासारखं होत नाही, सगळं दिसतं, बोलता येतं, पुरी कमी आली तर ओरडता येतं.

अकरा दुणे बावीस. दोन पंगती.

काय कुठे जाईल

डायनिंग टेबल किचनच्या बाहेर पॅसेजमधे भिंतीला चिकटवून, एकही खुर्ची न लावता. त्याच्यावर सगळी वाढायची भांडी. वाढणारे तिथून उचलतात, किचनच्या दारात गर्दी होत नाही. खुर्च्या बाल्कनीत, एकावर एक न ठेवता ओळीने, कारण दुसऱ्या पंगतीवाले तिथे बसणार आहेत. दिवाळीत इंदूरला रात्री बरीच गार हवा सुटते, तेव्हा बाल्कनी तरुण मंडळींना द्या आणि दोन शाली तिथे ठेवूनच द्या.

टीव्हीचं कपाट हलत नाही, त्यावरच्या शोभेच्या वस्तू मात्र खोक्यात भरून पलंगाखाली. कुंड्या जिन्यात. मोठा पलंग शक्यतो मोकळा ठेवा, सगळे जण पर्स, पिशव्या, स्वेटर तिथेच टाकतात आणि मग झोपलेल्या बाळाला जागा राहत नाही. आम्ही बेडरूमच्या खिडकीच्या गजांना दोन दोऱ्या बांधून त्यावर पिशव्या अडकवतो, दिसायला बाजार दिसतो पण पलंग वाचतो.

चपला. ह्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि पहिली कोंडी इथेच होते, दारात चार जण वाकून सँडलचे बेल्ट सोडतायत, मागे सहा जण मिठाईचे डबे घेऊन जिन्यात. फ्लॅटच्या दाराबाहेर एक स्टूल ठेवा आणि जिन्याच्या एका बाजूला जुनी चादर अंथरा, चपला त्यावर. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं. गाड्यांचंही तेव्हाच सांगून टाका, आमच्या गल्लीत दोन चारचाकी समोरासमोर आल्या की तिसरा खिडकीतून बघत बसतो, म्हणून मी सुदामा नगरच्या दोन्ही घरांना एकाच गाडीत कोंबून यायला सांगते.

ओवाळणं आधी, जेवणाच्या जागेत नको

बीजेची चंद्रकोर सूर्यास्तानंतर तासाभरात, फार तर दीडेक तासात मावळते, आणि आमच्यात आधी चंद्राला ओवाळून मग भावाला ओवाळतात. इंदूरला त्या दिवसांत सहाच्या थोडं आधीच सूर्य बुडतो. म्हणून मी सगळ्यांना "साडेसातला जेवायला या" असं सांगत नाही, "सव्वासहाला ओवाळायला या" सांगते. ह्याने दोन कामं होतात, चंद्र चुकत नाही आणि माणसं एकदम न येता सव्वासहा ते सातमधे टप्प्याटप्प्याने येतात.

ओवाळायला बेडरूम वापरा. हॉलमधे केलं तर रांगोळी, अक्षता, तेलाचा थेंब, सगळं जिथे आसनं टाकायची तिथेच पडतं आणि पुसायला वीस मिनिटं जातात. पाच पाट ओळीत, पाच भाऊ एकदम, बहिणी एकामागून एक तबक घेऊन ओळीने पुढे. एकेकाला वेगळं बसवलं तर रात्रीचे नऊ वाजतात, फोटोवाले तर एकेका नारळाचे चार चार काढतात. तबकात पडलेली ओवाळणी उचलायला एक डबा जवळ ठेवा, नोटा निरांजनाजवळ जातात.

पंगत कशी लावायची आणि कोण आधी

पहिली पंगत साडेसात, दुसरी साडेआठ. एक पंगत पाऊण तासात उठते, पंधरा मिनिटं पुसायला-मांडायला. पहिलीत सोफ्यावरचे तीन, पाच मुलं, आणि अजून तीन मोठे. ते तीन मोठे कोण, ह्यावरून आमच्याकडे एकदा चांगलीच जुंपली होती. जुन्या घरात ठरलेलं होतं, आधी पुरुष आणि मुलं, मग बायका, आणि जिने स्वयंपाक केला ती सगळ्यात शेवटी, गार पुरी आणि भांड्याच्या तळाची भाजी. मी स्पष्ट सांगितलं की हे आता नाही. ज्या दोघींनी सकाळपासून स्वयंपाक केलाय त्या पहिल्या पंगतीत बसतील आणि वाढायला त्यांचे नवरे. जाऊबाई आधी लाजल्या, आता साडेसातला सगळ्यात आधी आसनावर त्याच असतात.

वाढायला तिघंच. चौथा आला की गल्लीत ट्रॅफिक जाम. आणि इथे एक युक्ती आहे जी आपल्या ताट वाढायच्या पद्धतीतच आहे. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी-आमटी. डावीकडचं सगळं गार असतं. तर ते माणसं बसायच्या *आधी* वाढून ठेवायचं, पाण्याचे ग्लास भरून, श्रीखंडाची वाटीसुद्धा. माणसं बसल्यावर फक्त उजवी बाजू, पुऱ्या आणि भात. वाढणाऱ्यांच्या फेऱ्या अर्ध्या होतात, आणि "अहो मीठ राहिलं" हा आवाज येत नाही. एकच काळजी घ्या, वाढलेल्या ताटांतून मुलांना पळू देऊ नका, तेवढा वेळ बाल्कनीत फुलबाज्या द्या आणि बरोबर कोणी मोठं माणूस उभं करा.

पहिली पंगत बसलीय तोवर दुसरीचे अकरा जण काय करतात? तिघं वाढतात. बाकीच्यांना काही तरी खायला द्यावंच लागतं, नाही तर ते किचनमधे येऊन "काय मदत करू" विचारत मधे उभे राहतात. बाल्कनीत शेव, चिवडा आणि तळलेला गराडू (इकडचा एक कंद) ठेवते, गराडू तेव्हा बाजारात यायला लागलेला असतो, वरून मसाला आणि लिंबू. पण मोजकाच ठेवा, गेल्या वर्षी दुसऱ्या पंगतीने श्रीखंडाला हातच लावला नाही.

हात धुणं

अकरा माणसं एकदम उठतात, बेसिन एक. प्रत्येकाने एक मिनिट घेतला तरी अकरावा दहा मिनिटं उष्टा हात वर धरून उभा, आणि कुठे उभा? पॅसेजमधे, वाढायच्या टेबलाला चिकटून. त्यामुळे दुसरी जागा करा. बाल्कनीच्या मोरीजवळ नळाचं पाण्याचं पिंप स्टुलावर, खाली बादली, साबण, खुंटीला दोन पंचे. सोफ्यावरच्यांना जागेवरच तस्त आणि तांब्या. जुन्या माणसांना हे फार आवडतं, आमच्या मावशींनी तर "अगदी सरदारांच्या घरी आल्यासारखं वाटलं" म्हटलं.

पाण्यावरून आठवलं, नर्मदेचं पाणी बऱ्याच कॉलनीत एक दिवसाआड येतं. भाऊबीज कोणत्या दिवशी पडते आणि आपला नळ कोणत्या दिवशी, हे कॅलेंडरवर आधीच बघा. बावीस माणसांचं हात धुणं, बाथरूम, भांडी धरून माणशी पंधरा-वीस लिटर तरी जातं, म्हणजे ३३० ते ४४० लिटर. आदल्या दिवशी पिंपं भरून ठेवा आणि प्यायचं वेगळं.

मेनू जागा बघून ठरवा

चार बर्नरची शेगडी असली तरी मोठी पातेली दोनच बसतात. तेव्हा असा मेनू हवा की शेवटच्या तासात गॅसवर एका वेळी दोनच गोष्टी लागतील. आमचा ठरलेला आहे: श्रीखंड (आदल्या दिवशी), काकडीची कोशिंबीर (दही सोडून सगळं दुपारी), अळूवडी (वाफवून आदल्या दिवशी, तळणं संध्याकाळी पाचला), बटाट्याची भाजी, कढी, मसालेभात, पुऱ्या. साडेसहानंतर आधी मसालेभात आणि कढी गरम. मग सात वाजता पुऱ्या तळून कापड घातलेल्या डब्यात. श्रीखंडाबरोबर पुरी कोमट चालते, फुगलेलीच पाहिजे असा हट्ट धरणारे दोन जण आहेत, त्यांना मी तळायला बोलावते. माणशी श्रीखंड शंभर-सव्वाशे ग्रॅम धरा, बावीस जणांना अडीच किलो पुरून वाटीभर उरतं.

फ्रिजमधे अडीच किलो श्रीखंड आणि अळूवडीचे उंडे मावत नाहीत. समोरच्या भाभींकडे भाईदूज दुपारीच होऊन जाते, संध्याकाळी त्यांचा फ्रिज मोकळा. मी विचारलं तर म्हणाल्या, "रख दो ना, पूछना क्या", आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर श्रीखंड त्यांच्याकडे राहिलं ते मी मागितलं नाही.

विजेचं सांगते, हे मी भोगलंय. एका वर्षी गॅस कमी पडतो म्हणून पॅसेजमधे इंडक्शन लावलं, त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर मायक्रोवेव्ह, आणि नेमकं कोणीतरी गीझर सुरू केला. एमसीबी पडला, अळूवड्या तेलात आणि घर अंधारात. इंडक्शन साधारण २००० वॉटचं, गीझरही २००० च्या आसपास, आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला सगळं मिळून ३६८० वॉटच्या पुढे जाता येत नाही. इंडक्शन वापरायचंच तर मोठ्या पिनच्या सॉकेटवर एकटं, एक्स्टेन्शनवर नाही, आणि गीझरच्या बटणावर टेप चिकटवा. भरलेला एक जास्तीचा सिलिंडर घरात असू द्या, उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही.

ताटं, भांडी, कचरा

प्लास्टिकची ताटं-ग्लास घेऊ नका, १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे, आणि तसंही त्यात कढी वाढली की ताट वाकतं. मी अकराच स्टीलची ताटं काढते, बावीस नाही. पहिली पंगत उठली की तीच धुवून दुसरीला. बावीस काढली तर धुणं तेवढंच, वर मांडायला जागा नाही. एक जण फक्त धुवायला आणि एक पुसायला, बास. भांडीवाल्या बाईंना भाऊबीजेला बोलवायचं नाही, त्यांचेही भाऊ असतात.

ज्यांना धुणं झेपत नाही त्यांनी पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आणावेत, त्या सरळ ओल्या कचऱ्यात जातात. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं वाजलं की खाली पळायला लागतं, तेव्हा किचनमधे रात्रीच दोन बादल्या ठेवा, ओला आणि सुका, आणि मुलांना त्याच्यावर बसवा म्हणजे लक्ष ठेवायला. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरवर असलेल्या शहरात राहून सगळं एका पिशवीत भरलेलं गाडीवाला घेत नाही, तिथेच उभं राहून वेगळं करायला लावतो, सगळ्या बिल्डिंगसमोर.

रात्री राहणारे

पुण्या-मुंबईहून आलेले सहा-सात जण राहतातच. गाद्या विकत घेऊन वर्षभर माळ्यावर ठेवण्यापेक्षा टेंट हाऊसवाल्याकडून गादी-तकिया-रजाई भाड्याने आणा. लग्नांचा सीझन देवउठनी ग्यारसनंतर (म्हणजे कार्तिकी एकादशीनंतर) सुरू होतो, भाऊबीज त्याच्या आठ-नऊ दिवस आधी असते, त्यामुळे बिछायत सहज मिळते. पण त्यांची माणसं दिवाळीला गावी गेलेली असतात, तेव्हा धनत्रयोदशीच्या आधीच सामान उचलून आणा आणि गाद्या दुपारभर गच्चीवर उन्हात टाका, गोदामाचा वास जातो. चादरी आपल्या घरातल्या. सोफ्याची जागा सोडून उरलेल्या सव्वानऊ फुटात ३ फूट रुंदीच्या तीन गाद्या बरोबर चिकटून बसतात, पायाशी चार फूट उरतात, तिथे बॅगा. घोरणारे बेडरूममधे, दार लावून. रात्री बाथरूमकडे जायची वाट मोकळी सोडा आणि पॅसेजचा छोटा दिवा चालू, नाही तर कोणीतरी कुणाच्या तरी पायावर पाय देतं.

पाहुण्यांतले दोन धट्टेकट्टे भाचे सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघतात. टेबल परत हॉलमधे आणायचं तर त्यांच्याकडूनच, आणि ते पोह्यांच्या *आधी* सांगायचं. जिलेबी झाली की दोघांनाही एकदम ट्रेनची आठवण येते.